जळकोटच्या गायरानाला काय कमी होतं?

या फेरीवर खरं तर आमच्या माती प्रयोगशाळेतला दुसराच एक सहकारी जायचा होता. त्याचा पाय मुरगळला. साहेबांनी विचारलं, "आता कोण जातं?" आणि बघते तर माझाच हात वर. चोवीस वर्षांची होते, नोकरीला आठ महिने झाले होते, आणि परभणीच्या पलीकडे एकटी कधी मुक्कामाला गेले नव्हते. आईने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता आणि पावसाने दगा दिला होता. आज निवृत्तीनंतर हे लिहितेय, कारण नांदेड-लातूरचा विषय निघाला की लोक मला विचारतात, "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" मी बघितलं ते सांगते. जाणार असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा, माळावर गवत उभं असतं. आम्हीही गेलो ते दिवाळीनंतर लगेच, पण त्या दुष्काळात गवत कुठेच नव्हतं.

काम असं होतं. जळकोटच्या गायरानावर दोन पावसाळ्यांपूर्वी स्टायलो नावाचा चारा पेरला होता. हा तूर-हरभऱ्याच्या जातकुळीतला, द्विदल. याच्या मुळांवर गाठी येतात, त्या हवेतला नत्र जमिनीत धरतात, म्हणून चाराही सकस आणि जमीनही सुधारते. पण तिथे तो वितीच्या वर गेलाच नाही. पिवळा पडून बसला. कुणी म्हणालं बी खराब, कुणी म्हणालं दुष्काळ. नव्या जिल्ह्याला गोदामासाठी जागा हवी होती, आणि सहा-सात आठवड्यांनी बैठकीत ठरणार होतं की गायरान राहायचं की जायचं. साहेब म्हणाले, "जमिनीत नेमकं काय कमी आहे हे सांगता आलं तर एक हंगाम मागून घेऊ. नाहीतर आपण बोलायचं कशाच्या जोरावर?" जाताच आहात तर लोहा आणि मुरुडच्या चराऊ जमिनींचे नमुनेही आणा, असंही सांगितलं.

जीप होती आणि जीपचे सर्वेसर्वा होते इस्माईल चाचा. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, मला पहिल्या तासातच "बेटी" म्हणायला लागले. मागे कापडी पिशव्या, प्लास्टिकची दोन घमेली, टिकाव, खुरपी आणि पाण्याचे तीन कॅन. "पानी जास्तच घिऊन राहिलो मी," चाचा म्हणाले. "गाडीला लागतंय, तुला लागतंय, आन रस्त्यात कुणीतरी मागतंयच."

नांदेडला चहा घेतला आणि लोह्याकडे वळलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली होती. पण लोह्याजवळ मी पहिल्यांदा लाल कंधारी जनावरांचा कळप पाहिला आणि जीप थांबवायला लावली. विटेसारखा गडद लाल रंग, डोळ्यांभोवती काळी कड, हाडं दिसत होती तरी चाल राजासारखी. त्यांचा मालक म्हणाला, "ह्यो दगडावर बी जगतंय, बाई. पर दगड तरी किती खावावा?"

त्याच माणसाने पुढे मला अडचणीत आणलं. मी त्याच्या माळावर खड्डा घेतला, आणि माझी धांदल बघून तो घरून नवी कोरी जस्ताची बादली घेऊन आला. चकचकीत, बहुतेक लेकीच्या लग्नासाठी घेतलेली. मला ती घेता येईना. जस्त किती कमी आहे हेच तपासायचं असताना माती जस्ताच्या बादलीत टाकली तर सगळंच मुसळ केरात. मी "नको" म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा पडला. चाचांनी सावरलं. "भाऊ, तुमची बादली चांगली हाय, तिचाच रंग मातीला लागायचा. मग बाईंचे साहेब म्हनतील, लोह्यात लई जस्त हाय, काय द्यायची गरज न्हाई." तो मोठ्याने हसला आणि त्या बादलीतून आम्हाला ताक पाजलं. दुष्काळात ताक! पेलाभरच, पण आजही ती चव जिभेवर आहे.

मुक्काम लोह्याच्या विश्रामगृहात. जेवण एका खानावळीत, तीन रुपयांत ज्वारीच्या भाकरी, येसर आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. येसर आमटी, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, मराठवाड्याबाहेर सहसा मिळत नाही. मिळाली तर सोडू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंधारवरून जळकोट. (कंधारचा किल्ला बघायला अर्धा दिवस ठेवा, मला जीपमधूनच बघावा लागला.) जांबच्या पुढे जमिनीचा रंग बदलायला लागतो. काळी मागे पडते, लालसर मुरमाड माळ सुरू होतो, चढ-उतार येतात आणि बोलण्यात मध्येच एखादा कानडी शब्द ऐकू येतो. जनावरंही बदलली: आता पांढऱ्यावर काळे ठिपके असलेल्या देवणी गाई.

जळकोटात आमची गाठ होती काशीनाथ अप्पांशी. गायरान समितीचे ते प्रमुख, बाजारात किराणा आणि खत-बियाण्याचं दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि समोरच्याला तोलणारी नजर. त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं आणि चाचांना विचारलं, "साहेब न्हाई आले?"

"ह्याच साहेब," चाचा म्हणाले.

अप्पांनी पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "बाई, पाऊस न्हाई म्हणून चारा न्हाई. ह्यात तपासायचं काय?"

मी म्हटलं, "अप्पा, समजा आमटी बिघडली. काय कमी पडलं कळत नाही. मग मी सात पातेल्यांत आमटी टाकते. एकात सगळं घालते. दुसऱ्यात सगळं, फक्त मीठ नाही. तिसऱ्यात सगळं, फक्त चिंच नाही. असं एकेक वगळत जायचं. जे पातेलं बेचव लागेल, त्यातून वगळलेली वस्तू मुळात डाळीत नव्हती. मी तुमची माती डब्यांत भरून तेच करणार. पाणी सगळ्या डब्यांना सारखंच देणार. म्हणजे पावसाचा प्रश्न बाजूला पडला."

अप्पा आतल्या खोलीकडे बघून ओरडले, "चहा आना दोन. साहेबांना."

गायरान गावापासून अर्ध्या कोसावर. स्टायलोची झुडपं होती, पण बोटभर उंचीची, पिवळट, जमिनीला चिकटलेली. मी दहा-बारा मुळासकट उपटली. गाठी होत्या, पण मोहरीएवढ्या. नखाने फोडल्या तर आत पांढऱ्या. काम करणारी गाठ आतून लालसर असते. म्हणजे चारा जिवंत होता, पण उपाशी. मी खड्डे घेत, माती भरत दुपारपर्यंत माळ पालथा घातला. सगळीकडे तेच.

एक म्हातारा बांधावर बसून हे सगळं बघत होता. पांढरं स्वच्छ धोतर, हातात काठी. मी पाणी प्यायला सावलीत आले तेव्हा म्हणाला, "ताई, सगळा माळ हिंडला. खालच्या कोपऱ्यात गेला न्हाई."

"तिकडे काय आहे?"

"बघून या. मग सांगतो."

कोपरा उताराच्या तळाशी होता, बोरीच्या जाळीआड. मी जाळी ओलांडली आणि थांबले. तिथला स्टायलो माझ्या गुडघ्याला लागत होता. गर्द हिरवा, त्या वर्षी, त्या माळावर! जेमतेम दोन गुंठे जागा. मी एक झुडूप खणून काढलं. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी. फोडली, बोटाला लाल रस लागला. मी तिथेच बसून हसायला लागले. चाचांना वाटलं मला ऊन लागलं.

म्हाताऱ्याचं नाव भिवा वाघमारे. गाव त्यांना भिवाबाबा म्हणायचं. मी परत आल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं.

"मेलेली ढोरं तिथं टाकत होते. माझा बाप ओढायचा, म्या बी ओढली. गावाचं ढोर मेलं की आमालाच सांगावा यायचा. पिढ्यान्‌पिढ्या हाडं तिथंच पडली. आमी दीक्षा घेतली त्या साली ते काम सोडलं. एका दिवसात सोडलं. गावानं लई तरास दिला, पर न्हाई म्हनलं म्हंजी न्हाई. तवापासून त्या कोपऱ्यात मी पाय ठेवला न्हाई. आजबी न्हाई आलो तुमच्यासंगं. पर जमीन मला माहीत हाय. तिथलं गवत कायम उजवं असतंय."

हाडं म्हणजे स्फुरद, फॉस्फरस. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्याच क्षणी शंकाही आल्या. तो भाग सखल आहे, ओल टिकत असेल. जाळीमुळे जनावरं तिथे चरत नसतील. नुसत्या हिरव्या रंगावर बैठकीत उभं राहता येणार नव्हतं. मी दोन्हीकडची माती वेगळी भरली, पिशव्यांवर खुणा केल्या.

निघताना भिवाबाबांनी मला बाजूला घेतलं. "ताई, एक मागणं हाय. हाडानं जमीन सुधारती असं कागदावर लिहाल, तर उद्या गाव म्हनंल, वाघमाऱ्यांना सांगा हाडं गोळा कराया. माझी सून अंगणवाडीत शिकवती. पोरगा कचेरीत शिपाई हाय. आमाला परत तिथं नेऊ नका."

मी "नाही नेणार" म्हटलं. म्हटलं खरं, पण ते कसं करायचं हे मला ठाऊक नव्हतं. त्यांना हे सांगायची सक्ती कुणी केली नव्हती. गायरान त्यांच्या दोन शेळ्यांपुरतं. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलंही नसतं. जीप सुरू झाल्यावर मी चाचांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "बेटी, ज्याला जमीन समजती, त्याला तिला उपाशी बघवत न्हाई."

उदगीरवरून लातूर. नव्या जिल्ह्याचं ठिकाण बघून मला गंमत वाटली. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या, रंग अजून ओला. एका ठिकाणी तर झाडाखाली टेबल मांडून कारकून अर्ज घेत होता आणि रांगेतले लोक खुशीत होते. "आता उस्मानाबादला जावं लागत न्हाई," एक जण दुसऱ्याला सांगत होता. "सकाळी यायचं, दुपारी घरी. राज्य आलं आपलं." दुष्काळातही त्या गावाच्या अंगात उत्साह होता. मला लातूर तेव्हापासून आवडतं.

तिसऱ्या दिवशी मुरुड. मोठं गाव, बाजाराचा दिवस, सकाळी हॉटेलात गरम सुशीला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा हा प्रकार पोह्यांपेक्षा हलका. लातूरकडे गेलात तर नाश्त्याला हाच मागा. तिथली जमीन खोल काळी, भेगा एवढ्या की माझी खुरपी एकीत पडली आणि चाचांनी ती वाकड्या तारेने बाहेर काढली. नमुने घेतले, आणि अंबाजोगाई-परळीवरून संध्याकाळपर्यंत परभणी. चौदा पिशव्या माती उतरवून घेताना आईने मला विचारलं, "एवढंच आणलंस?" आणि मग बोलायला लागली.

पुढचे सहा आठवडे मी काचघरातच राहत होते म्हणा ना. दूधपावडरचे रिकामे डबे, आत प्लास्टिकची पिशवी, मोजून माती, त्यात स्टायलोचं बी, मोजून पाणी. सगळं दिलेला डबा, बिनस्फुरदाचा, बिनगंधकाचा, बिनजस्ताचा, असे ओळीने. पहिले पंधरा दिवस सगळे सारखेच. मला झोप लागेना. तिसऱ्या आठवड्यात जळकोटच्या मातीतला बिनस्फुरदाचा डबा मागे पडायला लागला. पाचव्या आठवड्यात तो हुबेहूब गायरानासारखा दिसत होता: बोटभर, पिवळा, गाठी पांढऱ्या. बिनगंधकाचा थोडा फिका. बाकी सगळे डोलत होते. आणि खालच्या कोपऱ्यातल्या मातीत बिनस्फुरदाचा डबाही भरभरून वाढला होता. पाणी सारखं, ऊन सारखं, चरणारं कुणी नाही. साहेबांनी डब्यांपुढे उभं राहून चष्मा दोनदा पुसला. "बैठकीला तूच जा," म्हणाले. "हे डबे घेऊन."

पुन्हा जीप, पुन्हा चाचा, मांडीवर डबे. चाचांनी त्या दिवशी एवढ्या हळू गाडी चालवली की बैलगाडी आमच्या पुढे गेली.

बैठक चावडीसमोर होती. तालुक्याचे अधिकारी, अप्पा, साठ-सत्तर माणसं, मागे भिवाबाबा आणि त्यांची सून. मी डबे ओळीने मांडले. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. माणसं वाकून वाकून बघत होती. मी म्हटलं, "बी चांगलं आहे. जमिनीत स्फुरद कमी आहे, थोडं गंधकही. सुपर फॉस्फेटच्या पोत्यात दोन्ही असतात. पावसाळ्याच्या तोंडावर द्यायचं. एक हंगाम द्या."

आणि मग ज्याची भीती होती तेच झालं. मागून एक जण म्हणाला, "पोती कशाला? खालच्या कोपऱ्यात हाडामुळं चारा आलाय म्हनतात. हाडं लागत असतील तर वाघमाऱ्यांना सांगा की. त्यांचंच काम हाय ते."

दोघं-तिघं हसले. मी काही बोलायच्या आत भिवाबाबा उठले. काठी सुनेच्या हातात दिली आणि पुढे आले.

"जमिनीला काय कमी हाय, ते मला ठावं होतं, मी सांगितलं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "गायरान सगळ्या गावाचं. माझ्या दोन शेळ्या हायत, तुमच्या चाळीस गाई. तवा भरायचं सगळ्यांनी. एक पोतं मी खांद्यावर घिऊन माळावर नेतो. सत्तरीत हाय, तरी नेतो. माझ्यासंगं दुसरं पोतं कोन उचलतंय, तेवढं सांगा."

कुणी हललं नाही. मला वाटलं संपलं सगळं.

मग काशीनाथ अप्पा उठले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून कमरेला बांधलं. "दुसरं मी," म्हणाले. "आन पोती माझ्या दुकानातली. हाडाचं नाव पुन्हा ह्या चावडीवर कुणी काढायचं न्हाई." ते हसणाऱ्या माणसाकडे वळले. "तिसरं तू."

तो माणूस खाली बघत "हाव अप्पा" म्हणाला. त्यानंतर नावं एवढी यायला लागली की अधिकाऱ्यांनी कागद मागवला. हंगाम मिळाला. बैठकीनंतर भिवाबाबांच्या सुनेने मला घरी नेऊन भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली, आणि बाबा दारात बसून अप्पांशी पावसाविषयी बोलत होते. अप्पा ओट्यावर टेकून चहा पीत होते. सून मला हळूच म्हणाली, "आमच्या ओट्यावर ते पहिल्यांदाच बसलेत."

सगळंच मनासारखं झालं असं नाही. रस्त्याकडचा एक तुकडा शेवटी गोदामाला गेलाच. पण पुढच्या पावसाळ्यात उरलेल्या माळावर स्टायलो मांडीएवढा झाला, आणि त्यानंतरच्या वर्षी गावाने तो कापून वाटून घेतला. अप्पांचं पत्र आलं होतं, त्यात मला उद्देशून "साहेब" असं लिहिलं होतं. मुरुडच्या काळ्या जमिनीत जस्त कमी निघालं. लोह्याचा अहवाल मी बादलीवाल्या शेतकऱ्याला स्वतः पाठवला.

त्या बैठकीहून परत आल्यावर मी जळकोटचा अहवाल लिहायला बसले होते. हाडांविषयी काय लिहायचं यावर एक आख्खा दिवस घालवला. खोटं लिहायचं नव्हतं आणि दिलेला शब्दही मोडायचा नव्हता. शेवटी लिहिलं की गायरानाच्या एका भागात स्फुरदाचं प्रमाण मुळातच चांगलं आढळलं, आणि त्या भागाकडे लक्ष वेधल्यामुळे तुलना करता आली. ते खरं होतं आणि पुरेसंही होतं. त्याच्याखाली आभारात, जिथे एरवी अधिकाऱ्यांची नावं येत, तिथे मी पहिलं नाव भिवाबाबांचं घातलं.

टंकलेखक थांबला. "बाई, नावापुढं पद लागतं. पद काय टाकू?"

मी विचार केला. त्यांची दीड एकर कोरडवाहू होती, त्या वर्षी तिच्यात काहीच पिकलं नव्हतं.

"शेतकरी," मी म्हटलं.

त्याने तसं टंकलं. साहेबांनी तो कागद नीट वाचला, कुठेही खाडाखोड केली नाही, आणि सही केली.